करार संपला, खेळाडू ठेवायचा की सोडायचा?

मार्च जवळ आला की अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं वाढतात आणि त्यांत एकच विषय असतो: एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, करार संपलेल्या आपल्या मोठ्या खेळाडूंचं संघाने काय करावं? या वेळी पुण्या-नाशकातून आणि गोव्यातूनही पत्रं आली आहेत. सगळ्या रकमा डॉलरमध्ये आहेत. तिकडच्या बातम्यांत जे दहा मिलियन, ते इथे एक कोटी.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): न्यू यॉर्क जायंट्सनी रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, सेकॉन बार्कलीला सोडलं, तो शेजारच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, पहिल्याच हंगामात २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याला ठेवायला हवं होतं हे आता शेंबडं पोरही सांगेल. संघाला तेव्हा का कळलं नाही?

उत्तर: बार्कलीला गमावलं ही चूकच. पण ती मार्च २०२४ मध्ये शोधू नका. ती जवळजवळ दोन वर्षं आधीची आहे आणि तिचा संबंध बार्कलीशी नाही, डॅनियल जोन्सशी आहे.

ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पाचवं वर्ष हवं की नको हे संघाला तिसरा हंगाम संपल्यावर, मे महिन्याच्या सुरुवातीला सांगावं लागतं. जोन्स हा २०१९ च्या ड्राफ्टमधला सहावा, क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा. मे २०२२ मध्ये जायंट्सनी त्याचं पाचवं वर्ष नाकारलं. त्या एका वर्षाची किंमत होती सुमारे २.२४ कोटी. तेव्हा हा निर्णय कोणाला खटकला नाही. मानेच्या दुखापतीने त्याचा आधीचा हंगाम अर्धवट राहिला होता आणि संघाचं व्यवस्थापनही नवं होतं. पण पुढच्याच हंगामात संघ ९-७-१ (विजय, पराभव, बरोबरी) असा खेळला, प्लेऑफमध्ये मिनेसोटाला त्यांच्याच मैदानावर हरवून आला, आणि जोन्स व बार्कली या दोघांचे करार एकाच मार्चमध्ये संपायला आले.

इथे घोडं अडलं. फ्रँचाइझ टॅग, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या रकमेत आणखी एक वर्ष अडवून ठेवायचा हक्क, संघाला वर्षाला एकच मिळतो. ७ मार्च २०२३ रोजी टॅगची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना जोन्सशी चार वर्षांचा, १६ कोटींचा करार झाला आणि मोकळा झालेला टॅग बार्कलीला लागला: एका वर्षाचे १.०१ कोटी. समोरच्या एजंटला आपलं घड्याळ दिसत असताना केलेला सौदा स्वस्तात पडत नाही. ज्या वर्षाचे २.२४ कोटी जड वाटले होते, त्या वर्षापासून सरासरी ४ कोटी मोजायची वेळ आली.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जोन्सचा गुडघा गेला. मार्च २०२४ मध्ये बार्कलीला दुसऱ्यांदा टॅग लावायचा तर १.२१ कोटी लागणार होते. संघाने लावला नाही आणि फिलाडेल्फियाने तीन वर्षांचे ३.७७५ कोटी कबूल करून त्याला नेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोन्सला बाकावर बसवलं. खेळ वाईट होता हे खरंच, पण करारात २.३ कोटींची दुखापतीची हमी होती, हेही तितकंच खरं. तो मैदानात जायबंदी होऊन पुढच्या मार्चपर्यंत बरा झाला नसता तर ती रक्कम संघाच्या गळ्यात पडली असती. मग काही दिवसांतच त्याला मोकळं केलं, तरी २०२५ च्या हिशेबात त्याच्या नावावर २ कोटींहून जास्त रक्कम उरलीच.

आता थोडं तुमच्या मनाविरुद्ध. २००५ यार्डांचा आकडा पाहून फार हळहळू नका. २०२३ मध्ये जायंट्सकडून बार्कली प्रत्येक धावेला सरासरी ३.९ यार्ड काढत होता, फिलाडेल्फियात ५.८. पाय तेच होते. पुढे वाट काढून देणारी पाच माणसं बदलली. जायंट्सच्या फळीमागे तो २००५ च्या जवळपासही गेला नसता. त्या मार्चमधला मोठा तोटा आमच्या मते सेफ्टी, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीतल्या, झेव्हियर मॅकिनीचा. वय अवघं २४. तो ग्रीन बेला गेला, पहिल्याच हंगामात आठ इंटरसेप्शन घेतली, म्हणजे समोरच्याचे आठ पास मधेच पकडले, आणि ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला. त्याच्याबद्दल न्यू जर्सीतून एकही पत्र आलं नाही!

प्रश्न (पुणे): आयपीएलमधलं रिटेन्शन आणि राइट टू मॅच समजतं. एनएफएलमधला ‘फ्री एजंट’ म्हणजे तसंच काही का?

उत्तर: पूर्ण तसं नाही. आयपीएलमध्ये ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि सगळ्यांची घडी एकदमच विस्कटते. एनएफएलमध्ये लिलाव नाहीच. ज्याचा करार ज्या वर्षी संपेल तो त्या वर्षी बाजारात येतो, आणि तो किती मोकळा हे त्याच्या सेवेच्या वर्षांवरून ठरतं. पूर्ण पगारावर हंगामातले किमान सहा सामने संघात असला की एक वर्ष मोजलं जातं. अशी चार वर्षं झालेला खेळाडू पूर्ण मोकळा. कोणत्याही संघाशी करार करू शकतो. तीन वर्षंवाला अर्धा मोकळा: संघाने त्याला ठरलेल्या रकमेचा प्रस्ताव दिला असेल, तर दुसऱ्याने दिलेला करार तंतोतंत स्वीकारायला जुन्या संघाला पाच दिवस मिळतात. तीनपेक्षा कमी वर्षं असतील तर जुन्या संघाच्या किमान पगाराच्या प्रस्तावापलीकडे त्याला जागाच नाही.

राइट टू मॅचशी जवळचं म्हणाल तर हा मधला प्रकार. फरक असा की आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात जुन्या संघाने हक्क बजावला की बोली लावणाऱ्याला रक्कम वाढवायची आणखी एक संधी होती. एनएफएलमध्ये ती नाही. जुन्या संघाने हो म्हटलं की विषय संपला.

ही मोकळीक १९९३ पासूनची आहे आणि ती खेळाडूंनी कोर्टात भांडून मिळवली. बदल्यात १९९४ पासून सॅलरी कॅप आली, म्हणजे सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. पहिल्या वर्षी ती ३.४६ कोटी होती, २०२५ मध्ये २७.९२ कोटी. या न ओलांडता येणाऱ्या छपरामुळेच ठेवायचं की सोडायचं हा प्रश्न पैसेवाल्या मालकालाही टाळता येत नाही.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): बातमीत ‘चार वर्षं, सहा कोटी’ असं येतं आणि मित्रमंडळी लगेच दर वर्षाचे दीड कोटी धरून वाद घालायला लागतात. खरा हिशेब कसा करायचा?

उत्तर: कागद-पेन्सिल घ्या. सहा कोटींचा एक काल्पनिक करार मांडू. सहीच्या वेळी हातात मिळणारा बोनस २ कोटी. मूळ पगार पहिल्या वर्षी २० लाख, दुसऱ्या ८० लाख, तिसऱ्या १.४ कोटी, चौथ्या १.६ कोटी. बेरीज सहा कोटी. मांडणी काल्पनिक असली तरी बहुतेक करारांचा तोंडवळा असाच असतो: सुरुवातीचे पगार बारके, शेवटचे फुगवलेले.

बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपच्या खात्यात तो कराराच्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. इथे वर्षाला ५० लाख. म्हणून कॅपवरचा भार पहिल्या वर्षी ७० लाख, मग १.३ कोटी, १.९ कोटी आणि २.१ कोटी.

आता खरा प्रश्न विचारा: संघ याला कधी काढू शकतो? समजा दोन वर्षांनी काढला आणि पुढचे पगार हमीचे नाहीत. बोनसचे न मोजलेले दोन हप्ते, १ कोटी, एकदम अंगावर येतात. त्यालाच डेड मनी म्हणतात. तिसऱ्या वर्षाचा भार १.९ कोटी होता, त्यातला १ कोटी तर गेलाच. वाचले फक्त ९० लाख. खेळाडूला दोन वर्षांत प्रत्यक्ष मिळाले ३ कोटी. थोडक्यात, ‘चार वर्षं, सहा कोटी’ हा कागद वाचताना तो ‘दोन वर्षं, तीन कोटी, पुढे संघाची मर्जी’ असा वाचायचा. म्हणून बातमीतला मथळा सोडून आधी तीन आकडे शोधा: सहीच्या वेळची पक्की हमी, पहिल्या दोन वर्षांची रोकड, आणि तिसऱ्या वर्षी काढलं तर किती वाचतं.

यात लोक हमखास चुकतात त्या जागा अशा. पहिली, १ जूनचा नियम. १ जूननंतर काढल्याचं दाखवलं तर डेड मनी दोन वर्षांत विभागतो: वरच्या उदाहरणात या वर्षी ५० लाख, पुढच्या वर्षी ५० लाख, आणि वाचतात १.४ कोटी. छान वाटतं. पण ते पैसे मोकळे होतात २ जूनला, आणि बाजार भरतो मार्चमध्ये. मार्चमधल्या खरेदीसाठी ते कामाचे नाहीत. फार तर नव्या ड्राफ्टवाल्यांचे करार आणि हंगामातली राखीव गंगाजळी त्यातून निघते.

दुसरी, नुसती नावाला जोडलेली वर्षं, तिकडे त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. वरच्या करारात असं एक पाचवं वर्ष घातलं की बोनसचा हप्ता ५० लाखांवरून ४० लाखांवर येतो. पहिल्या वर्षी १० लाख वाचले. पण चौथ्या वर्षानंतर करार आपोआप संपला की उरलेले ४० लाख पाचव्या वर्षाच्या खात्यावर पडतात आणि तेव्हा तो माणूस संघात नसतो. क्वार्टरबॅक कर्क कझिन्स २०२४ मध्ये मिनेसोटातून अटलांटाला गेला, तेव्हा मिनेसोटाच्या त्या वर्षीच्या कॅपवर त्याचे २.८५ कोटी राहिले ते यामुळेच. जुन्या खेळाडूला ‘परत घेणं स्वस्त पडेल’ असं जेव्हा संघ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा अर्थ एवढाच असतो की मुदत संपण्याआधी नवा करार केला तर हे उरलेले हप्ते एकदम अंगावर येत नाहीत.

तिसरी चूक छोटी पण नेहमीची. हंगाम सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सगळी टीम मोजत नाहीत, सगळ्यांत महाग ५१ करारच मोजतात. म्हणून ७० लाखांचा नवा करार यादीत आला की खालचा एक किमान पगारवाला यादीबाहेर जातो आणि निव्वळ भार साधारण साठ लाख वाढतो, सत्तर नव्हे. आठ-दहा करार मांडताना हा फरक बराच मोठा होतो.

प्रश्न (ठाणे): मग एवढी डोकेफोड कशाला? टॅग लावा आणि वर्षभर ठेवा की.

उत्तर: एका वर्षासाठी टॅग उत्तम. दुसऱ्या वर्षापासून तो संघावरच उलटतो.

साध्या टॅगची रक्कम त्या जागेवरच्या पाच सर्वांत महाग खेळाडूंच्या, गेल्या पाच वर्षांतल्या कॅपमधल्या हिश्श्यावरून काढतात. ती किंवा खेळाडूच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्के, यांपैकी जी जास्त ती. दुसऱ्या टॅगला निदान १२० टक्के, तिसऱ्याला १४४. दुसऱ्या संघाने त्याला उचललं आणि आपण ते जुळवलं नाही, तर त्याच्याकडून ड्राफ्टमधल्या दोन पहिल्या फेरीच्या निवडी मिळतात. इतकी किंमत सहसा कोणी मोजत नाही.

वॉशिंग्टनने कझिन्सला २०१६ मध्ये १.९९५ कोटींचा आणि २०१७ मध्ये २.३९ कोटींचा टॅग लावला. तिसरा लावायचा तर साधारण ३.४५ कोटी लागले असते. हात वर करावे लागले. तो मिनेसोटाला तीन वर्षं, ८.४ कोटी, सगळे हमीचे, असा करार करून गेला. दोन टॅगचे मिळून सव्वाचार कोटींहून जास्त देऊनही वॉशिंग्टनच्या हातात क्वार्टरबॅक राहिला नाही. पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल तर दुसऱ्या टॅगवर सहीच न करता २०१८ चा अख्खा हंगाम घरी बसला.

आणखी एक अडचण. टॅग लावला त्या क्षणी पूर्ण रक्कम कॅपवर बसते, खेळाडूने सही केली असो वा नसो. बोनस वाटून भार हलका करायची सोय नाही. मार्चमध्ये, पैसा सगळ्यांत जास्त लागतो तेव्हाच, तो अडकून पडतो.

टॅगचा नीट उपयोग पाहायचा तर कॅन्सस सिटीकडे पाहा. २०२५ मध्ये त्यांनी गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतल्या, ट्रे स्मिथला २.३४ कोटींचा टॅग लावला आणि जुलैच्या मध्यावर असलेल्या मुदतीआधी चार वर्षांचा ९.४ कोटींचा करार केला. त्याआधी २०२४ मध्ये कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला पास अडवणाऱ्या, लजॅरियस स्नीडला टॅग लावून टेनेसीला देऊन टाकलं. दोन्ही वेळा टॅग हा बोलणी चालू ठेवण्याचा अवधी होता.

प्रश्न (फिलाडेल्फियाजवळून): उलटी तक्रार. सुपर बोलमध्ये जॉश स्वेटने अडीच आणि मिल्टन विल्यम्सने दोन वेळा कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला पाडलं. महिन्याभरात दोघेही गेले. जिंकलेला संघ मोडायचा कशाला?

उत्तर: स्वेटला ॲरिझोनाने चार वर्षांचे ७.६४ कोटी दिले, विल्यम्सला न्यू इंग्लंडने चार वर्षांचे १०.४ कोटी. विल्यम्स फिलाडेल्फियात आतल्या फळीत आलटून पालटून खेळणाऱ्यांतला होता. ती रक्कम त्याने केलेल्या कामाची नव्हती. न्यू इंग्लंडकडे कॅपमध्ये पैसा भरपूर मोकळा होता आणि त्या जागेवर माणूस नव्हता, त्याची होती. अशा बोलीशी घरच्या संघाने स्पर्धा करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि ईगल्स ती न करता राहू शकले, कारण माणसं आधीच घरात होती. जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, मोरो ओजोमो आतल्या बाजूला; नोलन स्मिथ आणि जेलिक्स हंट कडेला. सगळे पहिल्या, स्वस्त करारावर. त्याच महिन्यात त्यांनी लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या, झॅक बॉनला मात्र तीन वर्षांचे ५.१ कोटी देऊन ठेवलं. तो वर्षभरापूर्वी ३५ लाखांवर आला होता, म्हणजे नवी किंमत जवळपास पाचपट. तरी ठेवला, कारण त्याच्या मागे तयार माणूस नव्हता. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला राखणारी पुढची फळी पाहा: डावा टॅकल मायलाटा, गार्ड डिकरसन यांचे करार २०२४ मध्ये, मुदत संपायच्या खूप आधी वाढवले. हे दोघे ‘फ्री एजंट’ म्हणून बातमीत आलेच नाहीत. ईगल्सचे व्यवस्थापक हाउई रोझमन यांच्या कारभाराची हातोटी इथे आहे.

सोडण्याचा मोबदलाही मिळतो. आपले जितके फ्री एजंट गेले त्यापेक्षा कमी आले, तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी नुकसानभरपाईच्या निवडी मिळतात. एका संघाला जास्तीत जास्त चार. गेलेल्याचा नवा पगार, नव्या संघात तो किती खेळला आणि काही सन्मान मिळाले का, यावरून फेरी ठरते. जायंट्सना मॅकिनी गेल्यावर २०२५ च्या तिसऱ्या फेरीत ९९ वी निवड मिळाली, आणि क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टला घेण्यासाठी वर चढताना त्यांनी ती मोजली. इथे पाय घसरतो तो असा: एक मोठा माणूस गेला म्हणून घाबरून मार्चमध्येच दुसऱ्या संघाचा तेवढ्याच किमतीचा फ्री एजंट घेतला की दोघांची वजाबाकी होते आणि निवड हातची जाते. ज्याला संघाने स्वतःहून काढून टाकलं आहे असा खेळाडू घेतला तर वजाबाकी होत नाही. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतला तरीही नाही. मे महिन्यात अचानक बऱ्याच सह्या होतात त्या याच कारणाने.

प्रश्न (नाशिक): चार जणांचे करार एकदम संपले आणि पैसे दोघांपुरतेच असले, तर कोणत्या जागेवरचे दोघे ठेवावेत?

उत्तर: नावं झाका आणि प्रत्येकापुढे लिहा: वय, गेल्या तीन हंगामांत किती सामने चुकले, त्याच्या मागे पहिल्या करारावरचा कोण आहे, आणि ती जागा ड्राफ्टच्या कोणत्या फेरीत भरता येते. शेवटचे दोन रकाने सगळ्यांत महत्त्वाचे, आणि चर्चेत तेच कोणी काढत नाही.

आक्रमक फळीतला चांगला टॅकल आम्ही जवळजवळ नेहमी ठेवू. असे खेळाडू बाजारात क्वचित येतात, कारण ज्यांच्याकडे असतात ते सोडत नाहीत. शिवाय ते उशिरापर्यंत टिकतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये ट्रेंट विल्यम्सला वयाच्या ३२ व्या वर्षी सहा वर्षांचे १३.८ कोटी दिले आणि तो त्यानंतरही ऑल-प्रो ठरला. क्वार्टरबॅकवर धावून जाणारा कडेचा खेळाडू दुसरा. पण त्याच्या तीसपुढच्या वर्षांना हमी देऊ नये. रनिंग बॅक आम्ही सहसा दुसऱ्या मोठ्या करारासाठी ठेवणार नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या फेरीत कामचलाऊ माणूस मिळतो. याला डेरिक हेन्री अपवाद आहे. बॉल्टिमोरने त्याला तिशीत, दोन वर्षांच्या १.६ कोटींत घेतलं आणि तो १९२१ यार्ड धावला. पण किंमत पाहा: ती अपवादाला साजेशी होती, नियमाची नव्हती.

क्वार्टरबॅकचं गणित वेगळं. मिनेसोटाने सॅम डार्नॉल्डला २०२४ मध्ये एका वर्षाच्या १ कोटीवर आणलं, संघ १४-३ असा खेळला, आणि घरात पहिल्या फेरीचा जे. जे. मकार्थी तयार होतोय म्हणून त्याला जाऊ दिलं. सिएटलने तीन वर्षांचा साधारण १० कोटींचा करार दिला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल जिंकला. वारसदार घरात असला पाहिजे हे वर आम्हीच म्हटलं. पण ज्याने तेव्हा एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता त्याला क्वार्टरबॅकच्या जागी वारसदार धरणं आणि ओजोमोला फळीतला चौथा-पाचवा गडी धरणं यांतली जोखीम सारखी नाही. फळीत चूक झाली तर आलटून पालटून खेळवता येतं. क्वार्टरबॅकचं तसं नाही.

दोन गोष्टी रकान्यांत मावत नाहीत. घरच्या डॉक्टरला त्या गुडघ्याची खरी अवस्था माहीत असते. बाकीच्या ३१ संघांना नाही. म्हणून उमेदीतल्या, मोक्याच्या जागेवरच्या खेळाडूला संघाने साधा प्रस्तावही दिला नाही, तर आनंदाने धावत जाणाऱ्याने आधी एमआरआय पाहावा. आणि प्रशिक्षक बदलला का ते पाहा. बचावाची मांडणी बदलली की कालचा हुकमी लाइनबॅकर आज जागा नसलेला माणूस होतो, आणि जुन्या पद्धतीतल्या आकड्यांवर त्याला पैसे दिले जातात.

प्रश्न (मडगाव): आमच्या फुटबॉलमध्ये हे टॅग वगैरे नसतात. करार संपला की खेळाडू गेला. कोणती पद्धत बरी?

उत्तर: खेळाडूसाठी तुमची. बोस्मन खटल्याच्या डिसेंबर १९९५ च्या निकालानंतर युरोपात करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला पैसे मागता येत नाहीत, आणि फिफाच्या नियमाप्रमाणे कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. त्यामुळे क्लबला निर्णय वर्षभर आधी घ्यावा लागतो: वाढवा, नाहीतर विकून टाका. एनएफएलमध्ये असं आधी बोलणं गुन्हा आहे. बाहेरच्या संघांना मार्चमध्ये सोमवारी दुपारी बारापासून एजंटशी बोलता येतं आणि सह्या बुधवारी न्यू यॉर्कच्या चार वाजल्यानंतर, म्हणजे भारतात गुरुवारी पहाटे दीडला. कझिन्स प्रकरणात वेळेआधी खेळाडूंशी थेट संपर्क साधल्याबद्दल अटलांटाची पाचव्या फेरीची निवड गेली आणि अडीच लाखांचा दंड झाला. घरच्या संघाला मात्र आपल्या खेळाडूशी वर्षभर बोलायची मुभा असते. मार्चपर्यंत थांबणारा संघ ही मुभा फुकट घालवतो.

प्रश्न (ह्यूस्टन): खेळाडूने घरच्या संघासाठी थोडं कमी घ्यावं अशी अपेक्षा चूक आहे का?

उत्तर: अपेक्षा करा, पण मोबदला काय ते सांगा. मुदतीला वर्ष उरलेलं असताना संघाने पक्की हमी पुढे केली तर खेळाडू कमी घेतो, कारण मधल्या हंगामात गुडघा गेला तर काय, ही जोखीम संघ उचलतो. मुदत संपल्यावर, सोमवारच्या दुपारी, ती जोखीम उरलेलीच नसते. मग तो का सोडेल?

शिवाय टेक्सासात राहणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही की सारख्या रकमेचे करार सारखे नसतात. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. न्यू जर्सीत दहा लाखांवरच्या उत्पन्नाला १०.७५ टक्के, कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के. खेळाडूचा कर कामाच्या दिवसांच्या प्रमाणात राज्याराज्यांत वाटला जातो आणि सरावाचे बहुतेक दिवस घरच्या राज्यात जातात. ढोबळ मानाने कोटीमागे सात-आठ लाखांचा फरक पडतो, एजंटचे कमाल तीन टक्के वेगळे. ह्यूस्टनचा संघ ९५ लाख देत असेल आणि न्यू जर्सीतला १ कोटी, तर ह्यूस्टनला राहणारा खेळाडू काहीच सोडत नसतो.